हसणें आणि हसें करणें
(घरांतील लहान मुलांविषयीं एक धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग : मार्क १०:१३–१६; उत्पत्ति २१:१–९; निर्गम १२:२४–२७.



ज्या घरांत लहान मूल आहे त्या घरांत हसूं बाहेरून आणावें लागत नाहीं. बाप शेतावरून येऊन पाहतो, तों त्याच्या चपला पाण्याच्या बादलींत 'अंघोळीला' बसलेल्या असतात. आई भाकरी थापीत असतां शेजारीं बसलेली चिमुरडी पिठाची पांढरी मिशी काढून आजोबा झालेली असते. अशा गोष्टी आपण हसतों आणि विसरून जातों. धड्याच्या पानावर त्यांचें काय काम, असें कित्येकांस वाटेल. आम्हांसही एके काळीं तसेंच वाटत असे. परंतु ह्याच हसण्यापायीं आमच्या हातून एक चूक घडली, व तींतून आम्ही जें शिकलों तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या घरीं संध्याकाळची उपासना जेवणापूर्वीं होते. धाकटा मुलगा तेव्हां चार वर्षांचा होता. प्रभूची प्रार्थना तो सर्वांबरोबर मोठ्यानें म्हणे. कांहीं शब्द त्यास समजत, कांहीं नुसते सुरांत वाहून जात. एके दिवशीं आम्ही सर्वजण रोजच्या भाकरीच्या मागणीपर्यंत आलों, आणि पुढची मागणी सुरू होण्यापूर्वींच त्यानें डोळे घट्ट मिटून आपल्या पदरची एक मागणी जोडली : "अन् तिच्यावर गूळ बी दे!" झालें! मोठ्या मुलींनीं तोंडास ओढणी लावली, आम्हांस हसूं आवरेना, आणि प्रार्थना तेथेंच थांबली.

येथवर फारसें बिघडलें नव्हतें. रविवारीं भक्ति सुटल्यावर मंदिराच्या ओट्यावर आम्हीं ही गोष्ट चौघांस सांगितली, तेथें बिघडलें. लोक पोट धरून हसले. मग जो तो मुलास विचारूं लागला, "काय रे गूळबुवा, मिळाला का गूळ?" मुलगा आमच्या मागें लपला. त्याचें तें लपणेंही आम्हांस गमतीचेंच वाटलें.

त्या दिवसापासून उपासनेंत त्याचा आवाज बंद झाला. हात जोडी, डोळे मिटी, परंतु तोंडांतून शब्द काढीना. आम्ही रागावलों, खाऊचें आमिष दाखविलें, कशाचा उपयोग झाला नाहीं. शेवटीं त्याच्या आजीनें त्यास मांडीवर घेऊन कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मी देवाला सांगितलं होतं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं."

आजीनें हें वाक्य आम्हांस सांगितलें तेव्हां आम्हांस मान वर करवेना.

१. प्रभूस राग कां आला?

लोकांनीं बाळकांस प्रभूकडे आणिलें, आणि शिष्यांनीं त्यांस दटाविलें. शिष्यांनीं मारहाण केली नव्हती. गुरु दमले आहेत, मोठ्यांचीं कामें पडलीं आहेत, एवढेंच बहुधा त्यांच्या मनांत असावें. हा प्रसंग मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनींही सांगितला आहे. परंतु प्रभूस ह्याचा राग आला हें एकटा मार्कच सांगतो, आणि प्रभूनें बाळकांस कवेंत घेतलें हेंही तोच सांगतो. तीं बाळकें अगदीं तान्हीं होतीं असें लूक म्हणतो. म्हणजे ज्यांस बोलतांही येत नव्हतें, त्यांची वाट अडविली म्हणून प्रभु रागावला. आणि तो राग मोठ्यांवर होता, मुलांवर नव्हता.

मुलाची वाट दटावून अडवितां येते, तशी थट्टा करूनही अडवितां येते. दटावणारास निदान आपण दटाविलें हें ठाऊक असतें. थट्टा करणारास वाटतें, आपण लाडच केला.

२. मुलाची चूक हें विचाराचें लक्षण आहे.

लहान मूल "मी काम करलं", "बाबा येले" असें म्हणतें, आणि आपण हसतों. परंतु 'करलं' हा शब्द त्यानें कोणाकडून ऐकला? घरांत सर्वजण 'केलं' म्हणतात. मुलानें 'बसणें' वरून 'बसलं', 'उठणें' वरून 'उठलं', 'धरणें' वरून 'धरलं' हे शब्द ऐकले, त्यांवरून मनांतल्या मनांत नियम बांधिला, आणि तो 'करणें' ह्या शब्दास लाविला. नियम बरोबर आहे. भाषा त्या ठिकाणीं वांकडी चालते, त्यास मूल काय करील? म्हणजे आपण हसतों ती त्याची मूर्खता नसून त्याची बुद्धि आहे. आपण त्यास न हिणवितां "हो, केलंस का? शाबास!" असें म्हटलें, म्हणजे योग्य शब्द त्याच्या कानीं पडतो, आणि कांहीं काळानें चूक आपोआप जाते.

गुळाच्या मागणीचेंही तसेंच आहे. भाकरीची ती मागणी आम्ही कित्येक वर्षें तोंडपाठ म्हणत होतों; म्हणतांना भाकरी डोळ्यांपुढें येत नसे. त्या मुलाच्या डोळ्यांपुढें चुलीवरची भाकरी उभी राहिली, आणि जो भाकरी देतो तो खरोखर ऐकत आहे असें त्यास वाटलें. म्हणून त्यानें मागितलें. त्या संध्याकाळीं आमच्या घरांत खरी प्रार्थना कोणी केली असेल तर ती त्यानेंच, आणि आम्हीं ती हसून थांबविली.

३. मुलाचा खेळ हा आपला आरसा आहे.

बाजारांत बसून लग्नाचा व मयताचा खेळ खेळणाऱ्या मुलांकडे प्रभूचें लक्ष होतें; मत्तय ११:१६, १७ ह्यांत त्यानें आपल्या पिढीस त्यांची उपमा दिली आहे. जखऱ्या संदेष्ट्यानेंही यरुशलेमेच्या सुखाचे दिवस वर्णितांना रस्त्यांत खेळणारीं मुलें दाखविलीं आहेत (जखऱ्या ८:५). तेव्हां मुलांचा खेळ पाहणें हें रिकामपणाचें काम नव्हे.

आमच्या शेजारीं एकदां मुलांनीं 'मंदिर-मंदिर' खेळ मांडिला. सहा वर्षांची मुलगी घमेलें पालथें घालून त्यावर उभी राहिली. ती दोनदां खोकली, नसलेला चष्मा पुसला, आणि "आता शेवटचा मुद्दा" असें चार वेळां म्हणाली. समोर बसलेली तिची बाहुली तोंवर आडवी झाली होती. पुढें दानाची थाळी फिरली. बाप झालेल्या तिच्या भावानें खिशांत हात घातला, चिंचेचें एक मोठें पान बाहेर काढिलें, त्याकडे पाहून पुन्हां खिशांत ठेविलें, आणि शोधून शोधून एक लहानसा खडा थाळींत टाकिला. मुलांचा खरा बाप दारांत उभा राहून हसत होता. खडा पडला तेव्हां त्याचें हसूं थांबलें. पुढल्या रविवारीं त्यानें थाळींत काय टाकिलें हें आम्हांस ठाऊक नाहीं, व विचारणें योग्यही नव्हतें.

उपदेशकबंधूंनीं मात्र 'शेवटच्या मुद्द्या'चा विचार अवश्य करावा. आम्हीं तो केला आहे.

४. मुलाचा प्रश्न हें धड्याचें दार आहे.

इस्राएल लोकांस वल्हांडणाची आज्ञा झाली तेव्हांच सांगण्यांत आलें कीं, ह्या विधीचा अर्थ काय असें तुमचीं मुलें तुम्हांस विचारतील, तर त्यांस उत्तर द्या. देवानें मुलांच्या प्रश्नासाठीं विधींतच जागा राखून ठेविली आहे. आपण मात्र "गप बस, मोठ्यांमध्ये बोलूं नये" असें म्हणून ती जागा बुजवितों.

कापणीच्या सणास आपल्या मंडळ्यांत लोक ज्वारी, अंडीं, भोपळे, कोंबड्या आणितात, व भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. एका वर्षीं एका लहान मुलीनें आपली आवडती कोंबडी स्वतः उचलून वेदीपुढें नेली. लिलावांत ती कोंबडी शेजारच्या आळींतील गृहस्थानें घेतली, तेव्हां तिनें भोकाड पसरलें. "कोंबडी देवाला दिली ना? मग हे काका का नेत्यात?" मंडळींत हशा पिकला. पण उपदेशक हसले नाहींत. ते तिच्याजवळ खालीं बसले आणि म्हणाले, "देव कोंबडी खात नाही, बाळ. काकांनी पैसे दिले, त्या पैशांनी मंदिराचं काम होईल. तू दिलेलं पोहोचलं." मुलीनें डोळे पुसले, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "मग पुढच्या साली आपला बोका द्या. तो लई त्रास देतो."

आतां उपदेशकही हसले, आणि मुलगीही हसली. परंतु पुढल्या सभेंत त्यांनीं मलाखी १:८ उघडून मोठ्यांस विचारलें, आंधळीं व लंगडीं जनावरें वेदीवर आणणारांत आणि बोका देऊं म्हणणारांत फरक काय? बोका देण्याचा विचार त्या मुलीनें मोठ्यानें बोलून दाखविला. आपण तो न बोलतां अमलांत आणितों.

५. दोन प्रकारचें हसणें.

इसहाक ह्या नांवाचा अर्थ हसण्याशीं जोडलेला आहे. म्हातारपणीं सारेच्या पदरांत बाळ पडलें, तेव्हां देवानें मला हसविलें, ऐकणारेही माझ्याबरोबर हसतील, अशा अर्थाचें ती बोलली. तिच्या तोंडीं 'बरोबर' हा भाव आहे हें ध्यानांत ठेवावें. त्याच अध्यायांत नवव्या वचनांत इश्माएलाविषयीं जो इब्री शब्द आला आहे तो त्याच धातूपासून झालेला आहे. कोणी त्याचा अर्थ खेळणें असा करितात, कोणी थट्टा करणें असा. पौलानें गलतीकरांस लिहितांना तो छळ होता असें म्हटलें आहे. एकाच घरांत, एकाच धातूचे दोन शब्द : एका हसण्यानें घर भरलें, दुसऱ्यानें तें दुभंगलें.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीस चांगल्या हसण्याचा वारसा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी आहेत, परंतु लक्ष्मीबाई आपल्या स्वतःच्या फजितीही तितक्याच मोकळेपणानें सांगतात. म्हणूनच तें हसणें कोणास बोंचत नाहीं. जो प्रथम स्वतःस हसतो त्याचें हसणें घरांत दिव्यासारखें असतें.

आजकाल आणखी एक गोष्ट झाली आहे. मूल चुकलें, रडलें, घाबरलें, कीं मोबाईलवर त्याचें चित्र घेऊन पाहुण्यारावळ्यांस धाडण्यांत येतें. आम्ही तर ओट्यावर चौघांसच सांगितलें होतें. बापांनीं मुलांस चिडवूं नये, नाहीं तर तीं खिन्न होतील, असें कलस्सैकरांस ३:२१ ह्यांत पौल लिहितो. मुलाची फजिती गांवोगांव धाडण्यापूर्वीं हें वचन एकदां वाचावें.

मग आपण हसूंच नये काय? अवश्य हसावें! मात्र तीन गोष्टी पाहाव्या. मूल आपल्याबरोबर हसत आहे काय? त्याचा विचार समजून घेण्यापूर्वींच आपण हसलों काय? आणि जें तें देवाशीं किंवा आपल्याशीं विश्वासानें बोललें, तें आपण बाहेर नेलें काय?

आमची गोष्ट पुरी करावयाची राहिली. आजीचें ऐकल्यावर दुसऱ्या दिवशीं उपासनेच्या वेळीं आम्हीं सर्वांदेखत त्या मुलास सांगितलें कीं, बाबांचें चुकलें. तो कांहीं बोलला नाहीं. आजीनें त्या रात्रीं त्याच्या भाकरीवर गुळाचा खडा ठेविला, तो त्यानें मुकाट्यानें खाल्ला. पुढें कित्येक आठवडे गेले. मोडलेला विश्वास एका क्षमेनें एका रात्रींत सांधत नाहीं, हेंही आम्ही त्या आठवड्यांत शिकलों. मग एके संध्याकाळीं, आम्ही सर्व थांबल्यावर, त्याचा बारीक आवाज आला. त्यानें काय मागितलें तें आम्ही येथें लिहीत नाहीं. तो मुलगा आतां मोठा झाला आहे, व हा धडा छापण्यापूर्वीं आम्हीं त्याची परवानगी विचारली. तो म्हणाला, "गुळाचं खुशाल लिहा. नंतरचं नको."

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या घरांतील मुलानें अलीकडे विचारलेला कोणता प्रश्न आपण हसण्यावारी नेला? त्याचें उत्तर आज कसें देऊं?
२. मुलांच्या खेळांत आपल्या घराचें व मंडळीचें कोणतें चित्र दिसतें?
३. एखाद्या मुलाची आपण चारचौघांत थट्टा केली असेल, तर त्याची क्षमा कशी मागावी?

प्रार्थनेचा विषय : ज्या मुलांचे आवाज आपल्या थट्टेमुळें बंद पडले, त्यांचीं तोंडें प्रभूनें पुन्हां उघडावीं, व आपल्या घरांत असें हसणें द्यावें कीं ज्यांत सर्वांत लहानासही वांटा मिळेल.