वहीची पारख

शाळा सुरू होताच वह्यांची खरेदी सुरू होते. दुकानात जिचे वेष्टन रंगीत व चकचकीत, त्या वहीकडे विद्यार्थ्याचा हात आधी वळतो. परंतु लिहावयाचे असते ते आतील कागदावर. म्हणून वहीची पारख कागदापासून करावी.

कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचा, एकमेकांत गुंतलेला थर होय. तंतूंमधील फटींतून शाई पसरली, की अक्षराच्या कडा फुटतात व मजकूर पाठीमागे उमटतो. हे टाळण्यासाठी कागदाला खळ देतात. ही युक्ती जुनी आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वीचे कारागीर हातकागदाला खळ लावीत व तो दगडाने घासून गुळगुळीत करीत. अशा घोटीव कागदावर बोरूने लिहिलेले अक्षर रेखीव उमटे.

कागद किती भरीव आहे, हे त्याच्या वजनावरून ठरते. 1 चौरस मीटर कागदाचे वजन 60 ग्रॅम भरल्यास त्यास 60 ग्रॅमचा कागद म्हणतात. याहून हलका कागद शाईच्या लेखणीस सहसा मानवत नाही. पेन्सिलीस मात्र तो चालतो.

कागदाइतकीच बांधणीही महत्त्वाची आहे. वही मधोमध उघडून पाहावी. दोऱ्याने शिवलेली वही सपाट उघडते व दीर्घकाळ टिकते. तारेने टाचलेली वही स्वस्त पडते. परंतु दमट हवेत तार गंजते, आणि एक पान फाडले, की त्याचे जोडपान सुटते.

आता किमतीचा विचार करू जाता एक हिशेब ध्यानी येतो. 200 पृष्ठांच्या वहीत शाई पाठीमागे उमटू लागली, तर प्रत्येक पानाची एकच बाजू उपयोगी पडते. म्हणजे पैसे 200 पृष्ठांचे दिले आणि हाती आली 100 पृष्ठे! स्वस्त वाटलेली वही अशा वेळी महाग ठरते. उलट, केवळ वेष्टनासाठी अधिक पैसे मोजणे हीदेखील उधळपट्टीच होय.

म्हणून शहाणा विद्यार्थी डझनभर वह्या एकदम घेत नाही. तो प्रथम एकच वही आणतो, आपल्या नेहमीच्या लेखणीने तिच्यात एक ओळ लिहितो आणि पान उलटून पाहतो. पाठीमागची बाजू स्वच्छ दिसली, तरच तो उरलेल्या वह्या घेतो. वर्षभर कष्टाने लिहिलेले परीक्षेच्या वेळी नीट वाचता यावे, यासाठी एवढी पारख केलीच पाहिजे.