कोंबडी मेली तर लपवू नका

झरीकरांनो, जानेवारी २०२१मध्ये आपल्याच परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: बर्ड फ्लू, एच५एन१. मग आसपासच्या धडधाकट कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या गप्प बसण्याची. मेलेली कोंबडी कुणी उकिरड्यावर फेकतं, कुणी ओढ्यात. मलूल झालेली तर मरायच्या आत कापून खातात. माणसाला हा आजार गाठतो तो इथंच. आजारी पक्ष्याची लाळ, विष्ठा, रक्त हातांना लागतं, तेच हात नाकातोंडाला लागतात. कोंबडी सोलणारी बाई, खुराडं झाडणारी आजी, पिल्लू उराशी धरणारं लेकरू, धोका यांना जास्त. माणसाकडून माणसाला तो सहजी पसरत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. जुलै २०२१मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये यानंच दगावला.

म्हणून दोन-चार कोंबड्या अचानक मेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२वर फोन करा. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर नुकसान पाळणाऱ्याचंच.

डॉक्टर येईपर्यंत मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. पोरं आणि कुत्री लांब ठेवा. उचलावाच लागला तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नाकातोंडाला मास्क लावा आणि नंतर साबणानं हात धुवा. पुरायचा असेल तर खोल खड्डा घेऊन वर चुना टाका. एरवीही खुराडं कोरडं झाडू नका, आधी पाणी शिंपडा. धुरळ्यातून विष्ठेचे कण नाकात जातात.

चिकन-अंडी सोडायची गरज नाही. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो. कच्चं अंडं मात्र नको, आणि मटण-चिकन कापलेल्या विळीवर न धुता कोशिंबीर चिरू नका.

आजारी कोंबड्यांशी संबंध आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर घरी गोळ्या खात बसू नका. आरोग्य केंद्रात आमच्याकडे या आणि तापाच्याही आधी कोंबड्यांचं सांगा. लक्षणं साध्या फ्लूसारखीच असतात, तुम्ही बोलल्याशिवाय आम्हाला संशय येत नाही. ओसेल्टामिवीर हे औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं.