चिमुकल्या इंजिनांतील चालक

रोह्याच्या स्थानकांत दोन गाड्या उभ्या असतां एक पेणकडे निघते व दुसरी स्वस्थ राहते. कारण प्रत्येकीस स्वतंत्र चालक असतो. मेजावरील प्रतिकृतींत तसें नसे. रुळांतील विजेचा दाब वाढविला कीं त्यांवरचीं सर्व इंजिनें एकदमच धावूं लागत.

अंकीय पद्धतींत रुळांत पूर्ण दाब सतत असतो व आज्ञाही त्याच विजेंतून जातात. शिक्षकांनीं पटावरील क्रमांक पुकारावा आणि त्याच मुलानें ‘हजर’ म्हणावें, तद्वत् इंजिनांतील डिकोडर आपला क्रमांक ओळखूनच मोटर फिरवितो. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. तो बदलतां येतो.

निवडतांना किंमतीआधीं मोटर पाहावी. तीस १२ व्होल्ट देऊन तिची फिरकी क्षणभरच अडवावी व प्रवाह मोजावा. डिकोडरची सहनशक्ति त्याहून अधिक हवी. मग जागा मोजावी. ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरील इंजिनांत ती फारच अल्प!

खरा घात जोडणींत होतो. लहान इंजिनांत मोटरचा एक ब्रश पुष्कळदां धातूच्या सांगाड्यास टेकलेला असतो, आणि सांगाडा रुळाशीं जोडलेला. तो संबंध न तोडतां तारांस डाख दिला, तर रुळांतील वीज भलत्या वाटेनें शिरून डिकोडर क्षणांत जाळते. म्हणून मोटर प्रथम पूर्ण अलग करावी व मापकानें खात्री करून घ्यावी. नंतर तांबडी व काळी तार रुळांकडे, नारिंगी व करडी मोटरकडे, आणि निळी, पांढरी, पिवळी दिव्यांकडे न्यावी. इंजिन उलटें धावलें तर घाबरूं नये. नारिंगी व करडी यांची अदलाबदल करावी.