सुरू झाला म्हणजे स्थिर झाला असं नाही

मे महिन्यातली दुपार. चाकणच्या एका वर्कशॉपसाठी केलेल्या प्रेस टूलची असेंब्ली फाइल उघडायला गेलो, तर 'फाइल खराब आहे' असा संदेश. बॅकअपची डिस्क लावली, तिथेही तेच. रोज रात्री आपोआप कॉपी व्हायची, त्यामुळे बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर केव्हाच बसली होती. पंच, डाय प्लेट, स्ट्रिपर, सगळं डिटेलिंग पुन्हा काढायला मला अकरा रात्री जागावं लागलं.

याचं मूळ जानेवारीत होतं. ताथवड्यात आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर. थंडीत रात्री खोली १८ अंशांवर उतरते. अशाच एका रात्री मी ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.२ ला नेला आणि ३२०० ची रॅम ३६०० वर चढवली. विंडोज सुरू झालं, तासभराच्या चाचणीत प्रोसेसर ७८ अंशांपुढे गेला नाही. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. उन्हाळ्यात स्लॅब तापला आणि तीच खोली ३७ अंशांवर गेली. खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही वर चढतो. तापली की रॅमही काठावरच्या सेटिंगला चुका करू लागते.

प्रोसेसरला वेग झेपला नाही तर बहुधा लगेच कळतं: निळा पडदा येतो, मशीन अडकतं किंवा रीस्टार्ट होतं. रॅम मात्र गुपचूप चुकते. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये सहसा चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. शून्याचा एक झाला की तोच फाइलमध्ये सेव्ह होतो. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावल्यावर दुसऱ्याच फेरीत लाल ओळी आल्या. रॅम ३२०० वर आणली, तेव्हा चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या.

आमच्या भागात इंजिनिअरिंगची पोरं पुष्कळ. "दादा, अजून किती वाढवता येईल?" असं विचारत येतात. त्यांना मी आता हेच सांगतो.

आधी बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जुन्या प्रती पुसू नका.

आपलं मशीन ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे नेण्यासाठी, आहे का ते बघा. इंटेलमध्ये साधारणपणे नावामागे 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, पण ए५२० बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. वॉरंटीच्या अटीही वाचा.

नवख्याने बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करून थांबावं. रॅमच्या पाकिटावर लिहिलेला वेग बहुधा त्यानेच मिळतो, आणि तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. म्हणून त्यानंतरही मेमटेस्ट चालवा.

पुढे जायचंच असेल तर एका वेळी एकच आकडा बदला आणि तो वहीत लिहा. मी प्रोसेसर आणि रॅम एकाच रात्री बदलले, म्हणून दोष शोधायला वेळ गेला. व्होल्टेजला जपा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२ चे १.३५ व्होल्ट केले, तर वेग तोच ठेवूनही सव्वापट.

चाचणी भर दुपारी, खिडक्या लावून घ्या. रॅमची चाचणी तिथून पुढे रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तरी मागे फिरा. 'एकच तर आहे' म्हणू नका. मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. वायर काढा, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी सीमॉस क्लिअर करा, मूळ सेटिंग परत येतं. बायोस अपडेट मात्र गुरुवारी करू नका. आपल्याकडे देखभालीसाठी वीज त्या दिवशी जाते.

माझा प्रोसेसर आता ४.० वर आहे, रॅम ३२०० वर. हे आकडे मी मेच्या दुपारी तपासून घेतले आहेत. जानेवारीत मशीनला आणखी झेपेल हे ठाऊक आहे, तरी हात लावत नाही. वर्षाच्या सर्वांत तापलेल्या दिवशी जो वेग टिकतो, तोच आपल्या मशीनचा खरा वेग.