दिव्याखालचा माणूस

थोर व्यक्तीचा गौरव करताना आपण तिला सहज ‘दीपस्तंभ’ म्हणतो. भाषणांत आणि अग्रलेखांत हा शब्द इतका वापरून झाला आहे, की समुद्रकाठचा खरा दीपस्तंभ त्यामागे दिसेनासा झाला. त्याच्या पोटातील वर्तुळाकार खोलीत रात्रभर जागणारा माणूस तर कधीच कोणाच्या ध्यानात नव्हता. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो. या पाठापुरता तिचा अर्थ थोडा निराळा घ्यावा लागेल.

दीपगृहाचा दिवा नुसता पेटवून भागत नसे. 1823 मध्ये फ्रान्समधील कोर्दुआं दीपगृहात ओग्युस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञाचे भिंग बसवण्यात आले. त्यातील काचेच्या वलयांमुळे तेलाच्या दिव्याचा विखुरणारा प्रकाश एकवटून दूरवर जाऊ लागला. भिंग फिरते ठेवले, की प्रकाशाचा झोत ठरावीक वेळाने खलाशाच्या डोळ्यांवर येतो. प्रत्येक दीपगृहाची ही लय वेगळी असते. अंधारात खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कोठे आहोत हे ओळखतो. लय चुकली, तर जहाज खडकावर आदळलेच म्हणून समजा.

ही लय सांभाळणे हे रखवालदाराचे काम. भिंग फिरवणारे यंत्र जुन्या लंबकाच्या घड्याळासारखे वजनावर चाले. मनोऱ्यातून खाली उतरणारे ते जड वजन रात्रभर पुन्हा पुन्हा हाताने वर चढवावे लागे. वाती कातरणे, काजळी पुसणे, तेल वर वाहून नेणे हेही त्यालाच करावे लागे. दिवस उजाडला, की भिंगाभोवती पडदे ओढायचे. कारण रात्री प्रकाश बाहेर फेकणारे तेच भिंग दिवसा सूर्यकिरण आत एकवटून आग लावू शकते. खडकावरच्या अरुंद मनोऱ्यांत भिंतीच्या गोलाईप्रमाणे वाकवलेल्या फळ्यांवर निजावे लागे. समुद्र खवळला, तर बदलीची नाव येत नसे. मग शिल्लक शिध्यावर आणि त्याच त्या सोबत्याच्या तोंडाकडे पाहत दिवस काढायचे!

ही सोबत किती कठीण असते, हे वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातील ‘स्मॉल्स’ या खडकावर इ. स. 1800 च्या सुमारास दिसून आले. तेथे ओकच्या खांबांवर उभारलेले लाकडी दीपगृह होते. थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ असे दोघे रखवालदार त्यावर होते. दोघांचे पटत नसे, आणि ही गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक होती. अशातच ग्रिफिथ मरण पावला.

आता हॉवेलने काय करावे? प्रेत समुद्रात सोडावे, तर ‘यानेच भांडणात मारले’ असा आळ येणार. त्याने दीपगृहातीलच लाकूड काढून शवपेटी बनवली आणि ती बाहेरच्या कठड्याला बांधली. वादळाने पेटी फोडली. प्रेताचा लोंबणारा हात वाऱ्याने हलत राही आणि खिडकीबाहेरून कोणी खुणावत असल्याचा भास होई, असे सांगतात. हवा निवळेना, नाव येईना. अशा अवस्थेत हॉवेलने आठवड्यांमागून आठवडे काढले, पण दिवा एका रात्रीही विझू दिला नाही.

येथे क्षणभर थांबा. जवळून जाणाऱ्या जहाजांना दिवा नेहमीसारखा दिसत होता, म्हणून तेथे काही बिघडले असेल असे कोणाला वाटलेच नाही. त्याने कर्तव्यात कसूर केली असती, तर कदाचित मदत लवकर आली असती. शेवटी नाव पोहोचली, तेव्हा हॉवेल इतका बदलला होता की ओळखीच्यांनाही तो ओळखू येईना. पुढे अशा एकाकी दीपगृहांवर दोन नव्हे, तीन माणसे नेमण्याची पद्धत ब्रिटनमध्ये पडली.

रखवालदाराच्या घरातील ज्या व्यक्तीचे नाव जगभर झाले, ती ग्रेस डार्लिंग. 7 सप्टेंबर 1838 रोजी इंग्लंडच्या लाँगस्टोन दीपगृहातून वडिलांसोबत वादळात नाव घालून तिने बुडत्या जहाजावरील माणसांना वाचवले. तिच्यावर कविता झाल्या, चित्रे निघाली. दिवा लावून वर्षानुवर्षे तिच्या वडिलांनी किती जहाजे खडकापासून दूर ठेवली, हे मात्र कोणाला मोजता आले असते?

विजेने आणि स्वयंचलित यंत्रांनी ही नोकरी हळूहळू संपवली. स्मॉल्सवरची माणसे 1987 मध्ये उतरली. ब्रिटनमधील अखेरचे रखवालदार 1998 मध्ये.

आपल्या देशालाही दीपगृहांची मोठी परंपरा आहे. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर 1867 पासून, तर लक्षद्वीपमधील मिनिकॉय येथे 1885 पासून दीपगृह आहे. देशाच्या दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंटचे दीपगृह 1972 मध्ये सुरू झाले. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाने तेथील जमीन चार मीटरांहून अधिक खचली. पाठोपाठ आलेल्या सुनामीच्या लाटांनी दीपगृहाजवळची वस्ती वाहून नेली. मनोरा मात्र पडला नाही. पुढे दुरुस्ती होऊन त्याचा दिवा पुन्हा लागला. पूर्वी जेथे जमीन होती, तेथे त्याच्या पायथ्याशी आता समुद्राचे पाणी आहे.