मेदशोषण शस्त्रक्रियेनंतरचे दोष आणि दुरुस्तीसाठी शल्यचिकित्सकाची निवड

शरीरावर ठिकठिकाणी साचलेला मेद नळीने शोषून काढण्याची शस्त्रक्रिया लायपोसक्शन या नावाने सर्वपरिचित आहे. एके काळी ती महानगरांतील धनिकांपुरती मर्यादित होती. आता तालुक्याच्या गावातील नोकरदार स्त्रीपुरुषही, प्रसंगी कर्ज काढून, ती करवून घेतात. योग्य रुग्ण आणि योग्य हात यांची गाठ पडली तर परिणाम चांगला येतो. परंतु काहींच्या पोटावर खळगे पडतात, एक मांडी दुसरीहून जाड दिसते, कातडी सैल होऊन लोंबू लागते. अशी व्यक्ती बहुधा दोन गोष्टी करते. झालेला प्रकार ती लाजेपोटी घरच्यांपासून लपविते, आणि जाहिरातीत दिसेल त्या ठिकाणी दुरुस्तीसाठी धाव घेते. या दोहोंपैकी घाई ही अधिक घातक होय. कारण दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा नेहमीच कठीण असते आणि तिसरी त्याहून कठीण.

ही शस्त्रक्रिया काय करते आणि काय करू शकत नाही, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. मेद काढण्याचा एक दुर्दैवी प्रयत्न १९२० च्या दशकात पॅरिस येथे शार्ल द्युजारिए या शल्यचिकित्सकाने केला होता. एका तरुणीचे पाय बारीक करण्यासाठी त्याने धारदार उपकरणाने मेद खरवडला. रक्तवाहिन्यांना इजा होऊन पाय सडला व अखेरीस तो कापावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षे या वाटेला सहसा कोणी गेले नाही. १९७० च्या दशकात रोम येथील फिशर पितापुत्रांनी मेद शोषून घेण्याचे तंत्र बसविले. पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ यांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात बोथट टोकाची नळी वापरून ते बरेच निर्धोक केले. पुढे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. बधिर करणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अ‍ॅड्रेनलिन मिठाच्या सौम्य द्रावणात मिसळून ते मेदाच्या थरात भरावयाचे, असे तिचे स्वरूप होते. तिच्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला. आजची शस्त्रक्रिया याच पायावर उभी आहे.

मात्र ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. नळी पोचते ती कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या मेदापर्यंत. पोट पुढे येण्यास कारणीभूत होणारा, आतड्यांभोवतीचा मेद तिच्या आवाक्याबाहेर असतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या शरीरातून मोठ्या प्रमाणावर मेद काढण्यात आला. १० ते १२ आठवड्यांनी तपासणी केली असता त्यांच्या रक्तदाबात, रक्तातील चरबीच्या प्रमाणात किंवा इन्सुलिनच्या कार्यात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. मधुमेह जाईल, या आशेने शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती यामुळे. आणि ही निराशा पुष्कळदा शस्त्रक्रियेचा दोष म्हणून सांगितली जाते.

खरा दोष कसा निर्माण होतो?

शेतकऱ्याला हे समजावून सांगणे फारसे अवघड नाही. भाताचे खाचर सपाट करताना उंचवटा राहून गेला तर तो नंतर उतरविता येतो. पण फाळ खोल गेला आणि खळगा पडला तर माती दुसरीकडून आणावी लागते, आणि आणलेली माती पहिल्या पावसात किती टिकेल याची खात्री नसते. मेदाचेही तसेच आहे. कमी काढल्याने राहिलेला दोष हा सौम्य दोष होय. अधिक काढल्याने झालेला दोष दुरुस्त करणे हेच खरे कसोटीचे काम असते.

त्वचेच्या लगत मेदाचा एक पातळ थर असतो. तोच कातडीला गुळगुळीतपणा देतो. नळी या थरात शिरली, फार जाड नळी वापरली, किंवा एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फिरविली तर त्वचेवर लाटा व चरे उमटतात. काही वेळा त्वचा खालच्या स्नायूवेष्टनाला चिकटून बसते. मग उभे राहिल्यावर किंवा हात उचलल्यावर त्या जागी खोच पडते. कातडीची लवचिकता कमी असेल, उदाहरणार्थ अनेक बाळंतपणांनंतर किंवा वजन फार उतरल्यानंतर, तर आतील मेद गेला तरी वरचे आवरण आकसत नाही. अशा रुग्णाला पहिल्यांदाच वेगळी शस्त्रक्रिया सुचवावयास हवी होती. तेथे चूक हाताची नसून निवडीची असते. पुरुषांमध्ये छातीवरील वाढ कमी करताना स्तनाग्राखालील गाठ प्रमाणाबाहेर कापली गेली तर त्या जागी बशीसारखा खड्डा पडतो. घट्ट पट्ट्याची वळी एकाच जागी दाबून राहिल्यानेही कायमची रेघ उमटू शकते. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु ती टाळणे रुग्णाच्याच हातात असते.

थांबावे किती, आणि केव्हा थांबू नये?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सूज, काळेनिळेपणा, बधिरता आणि हाताला लागणाऱ्या कठीण गाठी या सर्वांनाच होतात. बहुतांश सूज सहा आठवड्यांत उतरते. आकार स्थिरावण्यास तीन ते सहा महिने लागतात आणि आतील व्रणपेशी मऊ पडण्यास त्याहून अधिक काळ जातो. म्हणून दुरुस्तीचा निर्णय साधारणपणे सहा महिन्यांपूर्वी घेऊ नये. एक वर्ष थांबणे अनेकदा हिताचे ठरते. दुसऱ्या महिन्यात दिसणारी विषमता सहाव्या महिन्यात आपोआप नाहीशी झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. जो चिकित्सक तिसऱ्याच आठवड्यात पुन्हा शस्त्रक्रिया करण्यास तयार होतो, त्याच्याविषयी शंका घेणे रास्त आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते प्रत्येक घरातील माणसास ठाऊक असावेत. धाप लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीस सूज येऊन ती दुखणे, ही रक्ताची गुठळी सुटल्याची किंवा झाल्याची चिन्हे असू शकतात. पोटात तीव्र वेदना व उलट्या होत असतील तर नळीने आतड्यास इजा झाली आहे काय, हे तातडीने पाहावे लागते. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, कातडीवर काळसर फोड किंवा असह्य वेदना हे गंभीर जंतुसंसर्गाचे लक्षण होय. अशा वेळी ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्या सवडीची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि शस्त्रक्रियेची गोष्ट मुळीच लपवू नये. शस्त्रक्रिया झाल्याचे डॉक्टरला न सांगितल्याने निदानात उशीर होतो आणि तो उशीर जीवावर बेतू शकतो.

आणखी एक संसर्ग मागाहून उद्भवतो. जखमा भरून आल्यावर काही आठवड्यांनी छिद्रांच्या जागी गाठी येतात, त्यांतून पातळ स्राव होतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी गुण येत नाही. क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, पण पाण्यात व मातीत आढळणारे काही जंतू नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांतून शरीरात शिरल्याने हे घडते. त्यासाठी स्रावाची विशेष तपासणी सांगावी लागते आणि औषधोपचार कित्येक महिने चालतो. असा संसर्ग पूर्ण बरा झाल्याखेरीज दुरुस्तीचा विचारही करता कामा नये.

दुरुस्तीचे उपाय दोषानुसार भिन्न असतात. राहिलेला उंचवटा बारीक नळीने पुन्हा काढता येतो. खळगा भरण्यासाठी रुग्णाच्याच शरीरातील दुसऱ्या ठिकाणचा मेद घेऊन तो थोडा थोडा टोचून बसवितात. जर्मनीत गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये मेदरोपणाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता, म्हणजे कल्पना जुनी आहे. परंतु बसविलेल्या मेदाचा मोठा हिस्सा, कधी निम्म्याहूनही अधिक, पहिल्या काही महिन्यांत शोषला जातो. त्यामुळे दोन किंवा तीन बैठका लागू शकतात. ज्याच्या शरीरातून आधीच सर्वत्र मेद काढला आहे त्याच्याजवळ रोपणासाठी पुरेसा मेद उरत नाही, ही अडचण वेगळीच. चिकटलेली त्वचा आतून सोडवावी लागते. लोंबणाऱ्या कातडीवर मात्र शोषणाचा उपयोग नाही. ती कापून काढणे हाच मार्ग असतो आणि त्याचा लांब व्रण कायम राहतो. खळगा बुजेल पण त्वचा पूर्ववत होणार नाही, हे चिकित्सकाने स्पष्ट सांगणे आणि रुग्णाने ऐकून घेणे, दोन्ही गरजेचे आहे.

चिकित्सक कोण असावा?

"कॉस्मेटिक सर्जन" असे पाटीवर लिहिले म्हणजे ती पदवी झाली असे नाही. सुघटन शल्यचिकित्सा अर्थात प्लॅस्टिक सर्जरी हा विषय शिकलेला डॉक्टर एम.बी.बी.एस. नंतर सर्वसाधारण शल्यचिकित्सेत एम.एस. होतो आणि त्यापुढे तीन वर्षांचे प्रशिक्षण घेऊन एम.सीएच. (प्लॅस्टिक सर्जरी) किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी मिळवितो. हे शब्द त्याच्या नोंदणीत आहेत किंवा नाहीत, ते राज्याच्या वैद्यक परिषदेकडे विचारून पाहता येते. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल, महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ही नोंदवही ठेवते. प्रत्येक राज्यात अशी परिषद आहे. प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञही अल्प प्रमाणातील मेदशोषण करतात. दुरुस्तीच्या कामात मात्र रोपण, व्रण आणि त्वचा कापणे हे सर्व आवश्यक ठरू शकत असल्याने सुघटन शल्यचिकित्सकाचाच सल्ला घ्यावा, हे श्रेयस्कर. सौंदर्यप्रसाधनगृहातील शिफारस किंवा सवलतीचा दर हा निवडीचा आधार होऊ शकत नाही.

या विद्येचा संबंध केवळ सौंदर्याशी आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी सुघटन शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. अशा विभागांत प्रामुख्याने भाजलेले, अपघातात जखमी झालेले, दुभंगलेल्या ओठांचे रुग्ण येतात. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा हैदराबादचे उस्मानिया रुग्णालय यांसारख्या सरकारी संस्थांत हा विभाग आहे. सौंदर्यासाठीची दुरुस्ती तेथे होईलच असे नव्हे. परंतु दोष नेमका कोणता, थांबावे की नाही, एवढा निःपक्षपाती सल्ला तरी तेथे मिळू शकतो, आणि त्यात सल्लागाराचा स्वतःचा लाभ गुंतलेला नसतो.

चिकित्सकाला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते संकोच न बाळगता विचारावेत. दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेतील दोष त्यांनी किती वेळा दुरुस्त केले? त्यांच्या स्वतःच्या रुग्णांची आधीची व किमान सहा महिन्यांनंतरची छायाचित्रे, रुग्णांच्या संमतीने, दाखविता येतील काय? भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहील काय? प्रकृती बिघडल्यास अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की दुसरीकडे न्यावे लागेल? एका वेळी पाच लिटरहून अधिक शोषण झाले तर ते मोठ्या प्रमाणावरील समजले जाते व रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवणे आवश्यक होते. मे २०२२ मध्ये बंगळुरू येथे अवघ्या २१ वर्षांच्या एका अभिनेत्रीचा मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हा रुग्णालयातील सोयींचा प्रश्न ऐरणीवर आला होता. पोटावर पुन्हा नळी फिरविण्यापूर्वी हर्निया नाही ना, हेही तपासले गेले पाहिजे.

पहिल्याच डॉक्टरकडे परत जावे काय? तो पात्र असेल, दोष मान्य करीत असेल आणि रुग्णाचा त्याच्यावर विश्वास शिल्लक असेल, तर प्रथम त्यालाच भेटणे योग्य. आत काय केले हे त्याच्याइतके कोणास माहीत असणार? त्याच्याकडून टाळाटाळ होत असेल तर अन्य दोन तज्ज्ञांची मते घ्यावीत. तपासून झाल्यावर "यात हात घालू नये" असे सांगणारा तज्ज्ञ रुग्णास निराश करतो खरा, पण पुष्कळदा तोच सर्वांत विश्वासार्ह असतो.

कोणाकडेही जाताना शस्त्रक्रियेची नोंद, काढलेल्या द्रवाचे प्रमाण, औषधांची यादी, डिस्चार्ज कार्ड आणि आधीची छायाचित्रे सोबत न्यावीत. ही कागदपत्रे मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात, व आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. दुरुस्तीचा खर्च आरोग्यविम्यातून सहसा मिळत नाही. म्हणून संपूर्ण अंदाज, पुढील बैठकांसह, आधीच लेखी मागून घेणे उचित.

असमाधानकारक परिणाम म्हणजे हलगर्जीपणा असे कायदा मानीत नाही. पात्रता नसताना शस्त्रक्रिया करणे, धोके न सांगता संमतीपत्रावर सही घेणे, गुंतागुंत उद्भवल्यावर रुग्णाकडे दुर्लक्ष करणे, या गोष्टी मात्र निराळ्या. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००८ मधील निर्णयात, संमती ही पुरेशी माहिती देऊन घेतलेलीच असली पाहिजे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करावयाची असल्यास ती कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. डॉक्टरच्या आचरणाविषयीची तक्रार राज्याच्या वैद्यक परिषदेकडे स्वतंत्रपणे करता येते. आकार स्थिरावण्याची वाट पाहण्यात एक वर्ष जाते, हे ध्यानात घेता कागदपत्रे मिळविण्याचे काम पहिल्याच महिन्यात उरकून घेणे इष्ट होय.