ख्रिस्ती धर्म : श्रद्धा, शाखा आणि एक प्रश्न



नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरावर चांदणी लागली की आपली मुले प्रश्न विचारतात. त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून हा पाठ.

श्रद्धा : येशू ज्यू कुळात जन्मला. रोमन सत्तेने त्याला सुमारे इ. स. ३० मध्ये जेरुसलेम येथे क्रूसावर चढविले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. ईस्टर हा त्याचाच सण. जगाचा निर्माता ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य आहे आणि येशूच्या बलिदानाने पापांची क्षमा मिळते, असे ते मानतात. त्यांच्या बायबलात जुना करार व नवा करार असे दोन भाग आहेत. भगवान बुद्धांनी मार्ग दाखविला, तारणहार असल्याचे सांगितले नाही. हा फरक मुलांना समजावून द्यावा, पण शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करू नये.

शाखा : रोमच्या पोपची सत्ता सर्वांवर असावी काय, या व इतर वादांतून १०५४ साली पूर्वेचे ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेचे रोमन कॅथलिक यांच्यात फूट पडली. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने चर्चच्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला. त्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. कॅथलिक सात संस्कार मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच. आपल्याकडे वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले. तेथे महार-मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे प्रॉटेस्टंट झाली.

प्रश्न : ख्रिस्ती शिकवणुकीत जातीला स्थान नाही. तरीही तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीसुद्धा वेगळी ठेवली गेली. म्हणजे धर्म बदलला, पण जात मागोमाग आली. कायदा मात्र तिकडे पाहत नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना ३४ वर्षे थांबावे लागले. ते दिवस ज्या घरांनी काढले, त्यांना या बांधवांचे दुःख वेगळे सांगायला नको.

घरी चर्चा करावी :
१) कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांत मुख्य फरक कोणता?
२) धर्मांतरानंतरही जात उरते, तेव्हा दोष धर्मग्रंथाचा की माणसांच्या वागणुकीचा? आपल्या घरात ती उरली आहे काय?